मैलापेक्षा मोठा किलोमीटर

आमच्या ह्यांना पळायचं वेड होतं, असं चाळीत अजून सांगतात. मला ऐकून ऐकून कंटाळा आलाय. वेडबिड काही नव्हतं हो. त्यांना कायम व्हायचं होतं, बस. मिलमध्ये कायम होण्यासाठी कोणी जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या, घरी कोंबडी पोचवायचा, कोणी साहेबाच्या पोरीच्या लग्नात पाट मांडायचा. ह्यांच्याकडे कोंबडी नव्हती आणि पुढेपुढे करायचा स्वभाव नव्हता. पाय होते, तेवढे वापरले.

नाव जयवंत. नाव घेते आता मी, लाजायचं वय गेलं. गाव देवगडच्या बाजूला. बाप लवकर गेला, चुलत्याने मुंबईत आणलं, लालबागला गाववाल्यांच्या खोलीत पथारीपुरती जागा दिली आणि मिलच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, बदली कामगार म्हणून नाव लावून दिलं. बदली म्हणजे काय ते सांगते, आताच्या पोरांना माहीत नसतं. रोज पाळी सुरू व्हायच्या आधी कार्ड घेऊन खात्यात जाऊन उभं राहायचं. कायमवाल्यांपैकी कोणी दांडी मारली, कोणाला ताप आला, कोणाची आई गावी वारली, तर त्याच्या साच्यांवर ह्यांना उभं करणार. सगळे कामावर आले, तर हे हात हलवत घरी. म्हणजे दुसऱ्याच्या घरी मयत झाली तर आमच्या घरी चूल. अशी वर्षानुवर्षं गेली. काम करून माणूस दमत नाही तेवढा कामाची वाट बघून दमतो. असे रिकामे घरी आले की त्यांचा चेहरा बघवत नसे.

चूल मात्र माझी रोज पेटायची, कारण लग्नानंतर चाळीत घेतलेल्या आमच्या खोलीत मी खाणावळ चालवायची. बायकापोरं गावी ठेवून आलेले मिलवाले दोन वेळ आमच्याकडे जेवायला. पहाटे पहिल्या पाळीवाल्यांची भाकरी, मग दुसऱ्या पाळीवाल्यांची पंगत, मग भांडी, मग पुन्हा पीठ. माझी कंबर त्या काळात कधी सरळ झाली असेल तर मला आठवत नाही. आम्ही नवरा-बायको दोघंही थकलेली माणसं. दिवेलागणीला एकमेकांकडे बघायचो आणि कोणी काही बोलायचं नाही. भांडायलासुद्धा अंगात जोर लागतो.

ह्यांना पळता येतं हे कळलं ते संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांमुळे. त्या वर्षांत आमच्या चाळीतला कोण घरी बसला होता? सगळे जायचे. लाठ्या सुरू झाल्या की सगळे पळायचे, त्यात लाज कसली. पण एकदा फाउंटनला पोलिसांनी जमाव उधळला आणि हे तिथून जे सुटले, ते लालबागला येईपर्यंत थांबलेच नाहीत. मी भाकऱ्या थापत होते. म्हटलं, "आज लवकर?"

"लाठीमार झाला."

"कुठे?"

"फाउंटनला."

"कधी?"

"आत्ता."

बातमी चाळीत यायच्या आधी हे आले होते. बाकीचे बरोबरचे कितीतरी वेळाने लंगडत, शिव्या घालत पोचले. तेव्हापासून चेष्टा सुरू झाली. "जयवंता, तू पोलिसांना दिसलास तरी का रे?" गोळीबार झाला, आपली माणसं गेली, त्या दिवसांची चेष्टा कोणी करत नसे. ह्या एका दिवसाची मात्र व्हायची, आणि हेही हसायचे.

मग सकाळी काम मिळालं नाही की पळायला जायला लागले. रिकामे घरी येऊन चाळीतल्या बायकांच्या नजरा झेलण्यापेक्षा ते बरं. आमच्या रस्त्याला फुटपाथच्या कडेला इंग्रजांच्या वेळचा एक मैलाचा दगड होता, अर्धा जमिनीत गेलेला. माणसं त्याच्यावर बसून विड्या ओढायची. पुढचा दगड दादरच्या बाजूला. ह्यांचं सगळं गणित त्या दगडांवर चालायचं. आज दोन मैल झाले, आज तीन. मैल हा शब्दच त्यांना आवडायचा. "मैल कसा एका घोटात जातो," म्हणायचे. "गावी आई डोक्यावर टोपली घेऊन बाजाराला जायची, ती मैलच सांगायची. पोस्टमन मैलच सांगायचा. मैल म्हटलं की पायाला कळतं किती ते."

मापं बदलायचे दिवस होते ते. आणे गेले, नवे पैसे आले. वाण्याकडचा शेर जाऊन किलो आला. मिलच्या घडीखात्यात कापड वारांनी मोजायचे, तिथे मीटर आला. हे प्रत्येक गोष्टीवर चिडायचे. "काल शेर होता, आज किलो. उद्या आमची उंची काय, नारळात मोजणार?" मी म्हणायची, "तुम्हाला काय करायचंय, तुम्ही जेवा." मला तर काहीही चालत होतं. ताटं मोजली की झालं.

नवं राज्य होणार, मुंबईसकट होणार, हे पक्कं झालं तेव्हा होळीचे दिवस असतील. आनंद असा, की माणसं ओळख नसताना एकमेकांना मिठ्या मारत होती. आणि त्याच सुमारास मिलच्या क्रीडा मंडळाने गेटावर फलक लावला. राज्याच्या आनंदात मे महिन्यात कामगारांची धावण्याची शर्यत. पहिल्या तिघांना मिलच्या संघात घेणार. संघातला माणूस म्हणजे कायम. ज्याचं वय तिशीच्या आत, त्यालाच भाग घेता येईल.

हे त्या दिवशी कामाशिवाय परत आले, पण चेहरा फुललेला. वयाची तिशी दाराशी येऊन उभी होती. म्हणजे ही एवढीच शर्यत, पुढच्या वर्षी हे तिशीपार. मला म्हणाले, "सुभद्रे, तिघांत आलो तर बदली संपली." त्या वाक्यावर मी काय काय बांधलं ते सांगत नाही. खाणावळीतली निम्मी माणसं कमी करीन, दुपारी घटकाभर पडेन, एवढंच आधी मनात आलं. बघा माझी स्वप्नं.

पंगतीला बसल्यावर हे म्हणाले, "शर्यत पाच किलोमीटरची आहे. मंडळाचे सेक्रेटरी म्हणतात, नवं राज्य तर मापंही नवी. किलोमीटर म्हणजे किती रे?"

कोणाला ठाऊक नव्हतं. किलोमीटर कोणी बघितला होता? तेव्हा धोंडूमामा बोलले. आमच्या खाणावळीतलं सगळ्यात जुनं माणूस, तीस वर्षं साच्यांवर काढलेली, खटखट ऐकून कान अर्धे गेलेले. त्यांच्या शब्दाला मान होता. भाताचा घास हातातच धरून त्यांनी विचारलं, "शेरापरास किलो मोठो की ल्हान?"

"मोठा," सगळे म्हणाले.

"आणि वारापरास मीटर?"

घडीखात्यातला चिंतामणी होता पंगतीत. तो म्हणाला, "मोठा. चार बोटं जास्त भरतो."

"तर मगे मैलापरास किलोमीटर ल्हान कसो असतलो? मोठोच असतलो," म्हणून मामांनी घास तोंडात घातला.

पंगतीने माना डोलावल्या. मी आमटी वाढत होते, मी म्हटलं, "पण नवा पैसा तर जुन्या पैशापेक्षा लहान झाला की."

"पैसो ल्हानच होत जातलो गो बाय," मामा म्हणाले. "सरकार कोणाचाय येवंदे." असा हशा पिकला की मीही हसले आणि विषय तिथेच संपला.

आता तुम्ही म्हणाल, शिकल्यासवरल्या कोणाला विचारायचं होतं. अहो, शंका आली तर माणूस विचारतो. सगळ्या नव्या गोष्टी जुन्यापेक्षा जराशा मोठ्या निघत होत्या. राज्यसुद्धा आम्हाला मोठंच मिळत होतं, मुंबईसकट. मग किलोमीटरनेच काय घोडं मारलंय लहान व्हायला? चिंतामणीने बोटांवर हिशेब केला, मैलाला इतके वार, वाराला चार बोटं जास्त, आणि सांगितलं, पाच किलोमीटर म्हणजे साडेपाच मैल धरा. हे म्हणाले, मी सहा धरतो. शर्यतीच्या दिवशी जड जायला नको.

तिथून आमच्या घराची दशा सुरू झाली. हे पहाटे अंधारात उठायचे, सहा मैल पळायचे आणि घरी येऊन, तोंडात काही टाकून, थेट मिलमध्ये जाऊन कार्ड घेऊन उभे राहायचे. ते उठणार म्हणून मी त्यांच्या आधी उठायची. नाचणीची आंबील, भिजवलेले हरभरे, जमलं तर एखादं अंडं. आल्यावर पायाला तेल. उन्हाळा तापायला लागला तसे हे वाळत चालले. गालफडं बसली. गुडघे सुजायचे. एकदा भर जेवणात डोळा लागला, हात आमटीत तसाच. मी हात उचलून पुसला, तरी जाग नाही. पंगतीतले बघत होते, कोणी हसलं नाही.

एक दिवस साच्यांवर उभं केलं, तर उभ्या उभ्या डुलकी लागली. धागा तुटलेला दिसला नाही, कापडाला खोट आली. जॉबरने आईबाप काढले आणि पुढचा आठवडाभर ह्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या रात्री मी चिडले. म्हटलं, "कायम व्हायचं सोडा, आहे ती बदलीपण घालवाल. पाच तर पाच पळा, सहा कशाला?"

तर म्हणाले, "अगं, पुढच्या पोरांकडे काय असेल? दम नसेल. नव्या पोरांना सगळं लवकर पाहिजे. पहिल्या तीन मैलांत जो उड्या मारतो, तो चौथ्यात बसतो. मी मागे राहणार, गप. चौथा मैल संपला की एकेकाला उचलायला सुरुवात करणार." हे बोलताना त्यांचे डोळे असे चमकले की मी तेलाची वाटी पुढे ओढली. इतकी वर्षं लोकांच्या आजारपणाची वाट बघणारा माणूस. पहिल्यांदाच त्यांना कशाचा तरी हिशेब आपल्या हातात आहे असं वाटत होतं. मग मी कोण नाही म्हणणार?

आणि खरं सांगते, ते तसं पळायला शिकलेच. सुरुवातीला सहा मैल करून आले की जिन्यात बसायचे. मे उजाडेपर्यंत जिना चढून वर यायचे आणि उभ्याने आंबील प्यायचे. श्वास कसा, नुसता नाकाने. एक मेला चाळीत दिवे लागले, मी पंगतीला शिरा केला, माणसं रडली, नाचली. हे लवकर झोपले. दुसऱ्या दिवशी पहाटे सहा मैल होतेच.

शर्यत पुढच्या रविवारी सकाळी परळच्या मैदानावर होती. मी पंगत लवकर उरकली. आमची सगळी खाणावळ बघायला आली, मामा कोट घालून. पुरुषांच्या घोळक्यात आम्ही चाळीतल्या चार बायका पदर सावरत एका कडेला उभ्या. मैदानावर चुन्याने गोल आखलेला. पळणारे पंचवीस-तीस जण असतील. काही पोरं तालमीतली, काहींच्या पायांत खिळ्यांचे बूट. हे अनवाणी, घरची अर्धी चड्डी, माझ्या हाताने उसवून पुन्हा शिवलेली. सेक्रेटरी गृहस्थ सगळ्यांना सांगत होते, "गोल फिरायचं. फेऱ्या मोजायला आमचा माणूस आहे, तुम्ही डोक्याला ताप करून घेऊ नका. शेवटच्या फेरीला घंटा वाजेल, तेवढं ध्यानात ठेवा."

बार झाला आणि सुटले. पोरं अशी सुटली की धुळीशिवाय काही दिसेना. हे मागे. अगदी मागे नाही, पण मागेच. पहिल्यांदा आमच्या समोरून गेले तेव्हा माझ्याकडे बघून चक्क हसले. दुसऱ्या खेपेलाही तसेच मागे. माझा जीव खालीवर. मी आयुष्यात शर्यत पाहिलेली नव्हती, मला काय कळतंय. मी ओरडले, "अहो, पळा की!" चार लोक वळून बघायला लागले. ह्यांनी हात खाली करून दाखवला, थांब, थांब.

मामा माझ्या बाजूला येऊन म्हणाले, "घाबरा नको गो. ह्ये सगळे आता पडतले बघ." आणि खरंच, एक-दोन पोरं पोटाला हात लावून बाजूला झाली. आमची पंगत खूश. चिंतामणी म्हणाला, "बघा, दम नाही पोरांत." फेऱ्यांवर फेऱ्या होत होत्या. ऊन चढलं. पुढच्या पोरांच्या माना वाकड्या झाल्या, तोंडं उघडी पडली. आणि आमचे हे कसे, ताठ. तोंड मिटलेलं. एखादा माणूस वाण्याकडे निघालाय असे. मला पहिल्यांदाच कळलं की ह्यांना हे किती चांगलं येतं. एवढी वर्षं हा माणूस माझ्यासमोर दमलेलाच होता. न दमलेला असा मी बघितलाच नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आनंदाचं हो, तेव्हा आनंदाचंच.

तेवढ्यात घंटा वाजली.

पुढच्या पोरांनी उरलासुरला जोर काढला. हे तसेच आपल्या चालीत पळत होते. त्यांना वाटलं असेल घंटा चुकून वाजली, किंवा मध्येच काहीतरी सांगण्यासाठी वाजली. मग त्यांनी पुढे बघितलं. सगळे जीव खाऊन पळत होते. फेऱ्या मोजणाऱ्या माणसाकडे बघून ह्यांनी काहीतरी विचारलं, त्याने पुढे हात केला, पळ, पळ, शेवटची आहे.

आणि मग जे पळाले ना! फाउंटनहून कसे आले असतील ते मला त्या दिवशी दिसलं. एकेकाला असं मागे टाकत गेले की लोक उभे राहिले. ओळख ना देख, सगळं मैदान ओरडायला लागलं, "अरे ह्या अनवाण्याला बघा!" आमची पंगत बेभान. मामांची टोपी पडली. मी पण ओरडत होते, काय ते देव जाणे. पण मैदान संपलं. ते पाचवे आले.

पहिला आलेला पोरगा गवतावर आडवा होऊन ओकत होता. दुसऱ्याला दोघांनी धरलेलं. आमचे हे उभे होते, कमरेवर हात, तोंड मिटलेलं, आजूबाजूला बघत. लोक येऊन पाठ थोपटत होते, "काय पळालास राव, जरा आधी सुटायचं होतंस." हे कोणाकडे बघेनात. सरळ सेक्रेटरींकडे गेले. मीही गर्दीतून वाट काढत मागे गेले.

"साहेब, पाच म्हणाला होतात."

"पाचच झाले," सेक्रेटरी म्हणाले.

"पाच नाही झाले. अजून पुष्कळ राहिलेत."

सेक्रेटरी वाईट माणूस नव्हते. त्यांनी आधी ह्यांच्याकडे बघितलं, मग ह्यांच्या पायांकडे, आणि त्यांच्या काहीतरी लक्षात आलं. आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही मैल धरले होते का? अहो, किलोमीटर मैलापेक्षा लहान असतो. अर्ध्याहून थोडा मोठा. पाच किलोमीटर म्हणजे तीन मैल आणि वर थोडंसं."

"तीन मैल?" हे म्हणाले. "तीन मैल तर मी..."

"पुढच्या वर्षी..." सेक्रेटरी म्हणायला गेले, मग त्यांना वय आठवलं असावं. त्यांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसरीकडे निघून गेले. मामा मागे उभे होते. त्यांना अर्धंच ऐकू येतं, पण तेवढं बरोबर ऐकू आलं होतं.

सांगून टाकते म्हणजे झालं. त्यानंतरही कितीतरी वर्षं बदलीतच गेली. शेवटी कायम झाले, पण तेव्हा केस पिकले होते आणि माझी कंबर कायमची वाकली होती. पुढे डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, इतके किलोमीटर चाला म्हणून, तर हे म्हणायचे, "मैलात सांगा डॉक्टर, नाहीतर मी चालत नाही." डॉक्टर हसायचा. त्याला वाटायचं म्हातारा हट्टी आहे. लोक आजही ती शर्यत गंमत म्हणून सांगतात, शेर आणि किलो आणि धोंडूमामा. सांगोत बापडे. पण त्या दिवशी घरी आल्यावर काय झालं ते कोणी सांगत नाही.

घरी आलो. पुरस्कार नाही, फोटो नाही, रविवार होता म्हणून पंगत मात्र होती. मी मासे तळले, माणसं खाली मान घालून जेवली. हे जेवले नाहीत. खिडकीशी बसले. मी म्हटलं, "पडा जरा, इतक्या दिवसांची झोप आहे." पडले. दुपारभर मी भांडी घासता घासता बघत होते, डोळे उघडे. पायाची बोटं हलत होती.

चार वाजता उठून बसले आणि म्हणाले, "सुभद्रे, मी दमलोच नाही गं."

मी त्यांचा पाय मांडीवर घेतला, तेल लावावं म्हणून. गुडघा बघितला, सूज नव्हती. पोटरी गार होती. दोन महिने तो पाय मी रोज चोळला होता, पहिल्यांदाच त्याला तेलाची गरज नव्हती. मला रडू कोसळलं. हरले म्हणून नाही हो. बाकीची पोरं आपला जीव तिथे मैदानावर ओतून मोकळी झाली होती. ह्यांचा सगळा तसाच्या तसा अंगात राहिला होता, आणि तो ठेवायला आता कुठे जागा नव्हती.

संध्याकाळी नळाला पाणी आलं. मे महिन्यात वरच्या मजल्यांवर पाणी चढत नसे, खालच्या नळावरून आणावं लागे. चाळीतल्या बायका हंडे-कळश्या घेऊन रांगेला लागल्या. हे उठले, आमचा हंडा उचलला आणि खाली गेले. भरून आणून पिंपात ओतला. पुन्हा गेले. आमचं पिंप भरलं, तसं शेजारच्यांचं भरायला घेतलं. शेजारीण म्हणाली, "अहो भाऊ, राहू द्या." ऐकलंच नाही. एका हातात हंडा, एका हातात कळशी, जिना चढताना पायऱ्या गाळून. ते भरलं, पुढचं दार. मग त्याच्या पुढचं. रांगेतल्या बायका बाजूला झाल्या. सगळा मजला आपापल्या दारात उभा, पिंपावरची झाकणं काढून. धोंडूमामा आपलं झाकण छातीशी धरून उभे होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं, म्हणत होते, "माका कळूक नाय रे झिला, माका कळूक नाय." ह्यांनी त्यांचंही पिंप काठोकाठ भरलं, त्यांच्याकडे न बघता.

आमचा मजला संपला, तर वरच्या मजल्याला लागले. मी जिन्यात बसून राहिले. ते वर जाताना, खाली येताना मी नुसता श्वास ऐकत होते, कधी एकदा चढतोय म्हणून. नाकानेच चालला होता.

शेवटी नळ गेला. खालून बायकांचा गलका आला, गेलं, गेलं. हे रिकामा हंडा घेऊन वर येताना दिसले. बनियन भिजून अंगाला चिकटलेलं, पाण्याने की घामाने ते कळत नव्हतं. मी उठून वाटेत उभी राहिले, हंड्याला हात घातला, तर सोडेनात.

"झालं ना आता?" मी म्हटलं. "दमलात ना?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, लहान पोरासारखं.

"नाही गं," म्हणाले. "अजून नाही."